चौदा कौलं, अठ्ठावीस नाकं

वैशाखरे, ता. मुरबाड
शुक्रवार, १२ मे १९६१

सौ. सावळीस,

तुझ्या बालमैत्रिणीचा, काशीचा नमस्कार. इकडे बा, आई आणि आपली तांबडी गाय मजेत आहेत. बाचा खोकला थांबला, आता तो खोकल्याच्या आठवणी सांगतो. तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते कळव. घरातल्या थोरांना माझा वाकून नमस्कार सांग, धाकट्यांना काय सांगायचं ते पुढे येईल.

आधी चूक दुरुस्त करते. मागल्या पत्रात मी लिहिलं होतं की शाळेच्या शाकारणीत अठ्ठावीस कौलं फुटली आणि ती तुझ्या धाकट्या दिरांमुळे फुटली. (त्यांचं नाव मी लिहीत नाही. का लिहीत नाही ते विचारू नकोस.) यातली दोन्ही विधानं खोटी आहेत. चार दिवसांपूर्वी शाळेमागच्या ढिगाशी बसून मी तुकडे जुळवले. मंगळुरी कौलाला पोटाशी दोन नाकं असतात, ती छपराच्या लाकडी रिपेवर अडकतात म्हणून कौल घसरत नाही. पहिल्या वेळी मी तुकडे न जुळवता नुसती नाकं मोजली होती. नाकं अठ्ठावीस, म्हणजे कौलं चौदा. मुलांना भागाकार शिकवणाऱ्या बाईने असं करावं याची लाज वाटून दोन दिवस मला जेवण गेलं नाही (तिसऱ्या दिवशी गेलं, आईने आंबट वरण केलं होतं). त्या चौदांपैकी नऊ चांगोच्या हातून फुटली, चार कमळूच्या आणि एक माझ्या. तुझ्या दिरांच्या हातून एकही नाही. त्यांच्या हातून कौल नुसतं सुटलं, फुटलं ते दुसऱ्यांच्या हातात.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर हीही थापच वाटेल. ते शहापूरहून कौलांची गाडी घेऊन आले आणि गावाने श्रमदान काढलंय हे बघून बैल सोडून थांबले, इथपर्यंत मागे लिहिलं होतं ते खरं आहे. आमच्याकडे कौलं चढवायची रीत तुला ठाऊक आहे. खालचा माणूस कौल फेकतो, शिडीवरचा झेलून वर देतो, वरचा छपराच्या उतारावर, पाख्यावर बसून लावत जातो. आमचा शिडीवरचा चांगो आणि पाख्यावरचा कमळू ही जोडी दहा वर्षांची. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. (बोलतही नाहीत, पण ते आंब्याच्या झाडावरून झालेल्या भांडणामुळे.) शिडी पाख्याच्या उजव्या टोकाला, चांगोचा डावा खांदा भिंतीला, तोंड बाहेर. उजव्या हाताने फेकलेलं कौल हवेत पाव गिरकी घेतं आणि नाकं पलीकडे ठेवून, पाठ पुढे करून, सासरी आलेल्या सुनेसारखं गुमान हातात येतं. तुझे दीर डावरे. त्यांचं कौल उलटी गिरकी घेतं, नाकं पुढे करून येतं आणि झेलणाऱ्याच्या बोटांवर आपटतं. शिवाय ते चांगोच्या छातीकडे न येता त्याच्या पाठीमागे वळतं. पहिलं कौल त्याच्या कानाजवळून गेलं आणि हिराबाईने श्रमदानासाठी चुलीवर ठेवलेल्या डाळीच्या टोपात पडलं. ती डाळ सगळ्यांनी खाल्ली. रंग छान आला होता.

मग चांगो झेलायला मागे वळू लागला. तो वळला की शिडी हलायची, शिडी हलली की त्याचं तोंड भिंतीकडे व्हायचं आणि वर द्यायचा हात चुकीच्या बाजूने जायचा. कमळू दहा वर्षं उजवीकडून कौल घेणारा, त्याला ते डावीकडून मिळू लागलं. तो उजवीकडे हात पुढे करून बसलेला आणि कौल डावीकडून त्याच्या मांडीवर! एका माणसाचा हात वेगळा निघाला तर सगळी रांग कशी उलटी होते हे मी तेव्हा पाहिलं. चूक मात्र ज्याचा हात वेगळा त्याच्याच नावावर पडली. चांगो शिडीवरून ओरडला, "आरं वाळू, डाव्या हाताचं कौल घरावर ऱ्हात नाय, परत जाया बघतं! हात बदल, नायतर माणूस बदल!" (नाव चांगोने घेतलं, मी फक्त त्याचं बोलणं लिहिलं.) पाटलांनी माणूस बदलला. पोश्या फेकायला उभा राहिला. पोश्या उजवा, पण कौल असं फेकतो जसं काही ते त्याच्या बापाचं आहे आणि द्यायचं मनात नाही. संध्याकाळपर्यंत अर्धंच पाखं झालं.

आता जे मागल्या पत्रात मुळीच लिहिलं नव्हतं ते. दुपारी मंडळी तांबडी डाळ जेवायला बसली होती. तुझे दीर जेवायला गेले नाहीत. त्यांनी शिडी उचलून पाख्याच्या डाव्या टोकाला लावली आणि खाली उभे राहून नुसते वर बघत होते. वळचणीला एक फुटका तुकडा अडकला होता, तो कुणाच्या डोक्यात पडेल या काळजीने मी शिडी चढले. (खरंच काळजीने. तुकडा मी काढला, तो अजून माझ्याकडे आहे.) चढले तशी माझा उजवा खांदा भिंतीला लागला आणि डावा हात बाहेर मोकळा राहिला. तुला माझं लपवलेलं माहीत आहे. शाळेआधी बाने मला सुपात राख पसरून बोटाने अक्षरं शिकवली, आणि माझा डावा हात सारखा राखेत जायचा म्हणून तो फडक्याने कमरेला बांधून ठेवायचा. रागाने नाही, मायेने. म्हणायचा, "काशे, चांगल्या घरात डाव्या हातानं देत नाय न् घेत नाय." वर्षभरात उजवा हात शिकला. डावा काय करतो हे पुढे कुणी विचारलं नाही, मीसुद्धा.

मी शिडीवरून म्हटलं, टाका. त्यांनी टाकलं. सावळे, ते कौल उलटी गिरकी घेऊन आलं आणि माझ्या डाव्या तळव्यात पाठ टेकून बसलं, नाकं पलीकडे. टप्प असा बारीक आवाज झाला. मी ते वळचणीवर ठेवलं आणि हात पुन्हा आपोआप बाहेर गेला. अशी बत्तीस झेलली. एकही हुकलं नाही. तेहेतिसाव्या वेळी त्यांनी हसून विचारलं, "डावरी हायस का गो तू पन?" आणि ते फुटलं. चौदांतलं माझं एक म्हणतात ते हे. मी खाली उतरले, हात पदरात घेतला आणि डाळ वाढायला गेले. हिराबाईने सगळं पाहिलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बाय, डाळ उजव्या हातानं वाड."

माझं पत्र तुमच्या ओटीवर मोठ्याने वाचलं जातं हे मला ठाऊक होतं. जरा बरं लिहिलं तर तुझ्या सासूबाईंना वास लागेल या भीतीने मी वाईट लिहिलं, आणि वाईट लिहिताना हात इतका सैल सुटला की चौदाची अठ्ठावीस झाली. आता तू लिहितेस की पत्र वाचलं तेव्हा तुझे दीर बैलांना पेंढा घालत होते आणि शेवटपर्यंत ऐकून उठून गेले. त्या दिवसापासून रोज सकाळी डावा हात करगोट्याला बांधून उजव्या हाताने गोवऱ्या फेकायचा सराव करतात. एक सासूबाईंच्या पाठीत बसली. तू हसत लिहिलंस. मी पहिल्यांदा वाचून हसले. दुसऱ्यांदा वाचलं आणि मला सुपातली राख दिसली.

शाळेला सुटी आहे, तरी मी रोज जाऊन बसते. हजेरीपट नीट करायचा आहे असं घरी सांगते. (तो मार्चमध्येच नीट झाला.) उघड्या पाख्यातून उन्हाचा चौकोन वळचणीखाली जमिनीवर पडतो आणि सरकत सरकत भर दुपारी शिडीच्या पायाशी येतो. शिडी अजून डाव्या टोकालाच आहे. पोश्या दोनदा न्यायला आला. पहिल्यांदा मी सांगितलं की ती सरकारी आहे, दुसऱ्यांदा सांगितलं की खाली कोंबडी अंड्यांवर रवणाला बसलीय. कोंबडी नाही, सावळे. एवढं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. ऊन तिथे आलं की मी शिडीजवळ उभी राहते, उजवा खांदा भिंतीला लावते आणि डावा हात थोडा बाहेर काढते. कुणी काही टाकत नाही. तरी थोडा वेळ हात तसाच ठेवते.

पत्र लांबलं. मिरगाआधी उरलेलं पाखं व्हायला हवं, या शाळेच्या कामापुरतंच लिहिलं आहे.

तुझी,
काशी

ता.क. शाळेच्या कामापुरतं नाही.

ता.क. हे पत्रही ओटीवर वाच. सगळ्यांसमोर वाच, सासूबाईंसमोरही. "अठ्ठावीस नव्हे, चौदा" हे दोनदा वाच. शिडीचा भाग गाळावासा वाटला तर गाळू नकोस.

ता.क. वरचं सगळं उजव्या हाताने लिहिलं आहे. हा ता.क. डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर पोश्याच्या फेकीसारखं आलंय, तेवढं सांभाळून घे. किन्हवलीची माणसं तुझ्या दिरांना मुलगी द्यायच्या आधी तुमचं घर बघायला येता सोडून पुढच्या रविवारी येणार असं तू लिहिलंस, तेही जाता जाता, गोवरीच्या खाली, जसं काही तो निरोपच नव्हे. तर मी आदल्या दिवशी येते. बाला सगळं सांगितलं. तो माझ्या डाव्या हाताकडे बघून म्हणाला, "मी येतो संगतीला. फडकं मीच बांदलं व्हतं." मुरबाडहून पहिली जी गाडी मिळेल ती धरून आम्ही येऊ. तुमच्या ओटीवर उभी राहून जे खरं ते मी तोंडाने सांगेन, आणि मग तुझ्या सासूबाई, तुझा नवरा आणि ते स्वतः काय म्हणतील ते ऐकून घेईन. तू फक्त एक कर. त्या सकाळी वाळूला हात बांधू देऊ नकोस. शनिवारी, वीस मे रोजी.