येतो गं, आये

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा झाला अन् आज मी लोणावळ्यात! नात प्रेरणा स्वतः वडिवळ्याला न्यायला आली. आमचे हे न्हाई आले. म्हणाले, भात कापणीला आलंय, म्हशीकडं कोण बघणार, तू हो पुढं. मी झाले पुढं. तिसऱ्या मजल्यावरचं घर आहे, गॅलरीतनं नागफणीच्या डोंगराचं टोक दिसतं. लिफ्टमधी मी डोळे गच्च मिटून उभी, तर प्रेरणा हसून बेजार. म्हणते, आजी, विमानात न्हाई बसवलं तुला.

पोरगी घरूनच ऑफिसचं काम करते. ही वही तिनंच दिली. दुपारी मी मीटिंगमधी असते, तवा हिच्याशी गप्पा मार म्हणाली. मी चौथीपर्यंत शिकलेय. जोडाक्षर चुकलं तर चुकलं, कोण छडी मारणार आता.

येताना जुन्या लुगड्यात गुंडाळून एक डबी आणलीय. कैलासच्या कॉम्प्युटरमधली, प्रेरणा तिला हार्ड डिस्क म्हणते. कैलास माझा लेक, प्रेरणाचा बाप. मला लिहायचा कंटाळा म्हणून त्यानं माझ्यापुरता एक प्रोग्राम केला होता. बटन दाबायचं अन् बोलायचं, तांदूळ वाढलं, चहापूड वाढली. घरातलं संपलं असं आमी म्हणत न्हाई, वाढलं म्हणतो. शनिवारी तो ऐकायचा अन् सामान आणायचा. प्रोग्राम उघडला की त्याचा आवाज यायचा, बोल आये. बंद केला की, येतो गं, आये. घरातनं निघताना म्हणायचा अगदी तस्सं.

अशाच दिवाळीच्या तोंडावर येतो म्हणून निघाला अन् सोमाटण्याला ट्रकखाली गेला. हेल्मेट निघेना, म्हणून तोंडसुद्धा न्हाई दाखवलं आमाला. पुढं कॉम्प्युटर पण जळला. पण डबी शाबूत आहे म्हणते प्रेरणा. आजी, तुला बाबांचा आवाज ऐकवतेच. हे ऐकूनच मला भूक लागली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर ताक.

५ ऑक्टोबर, रविवार

न्हाई चालला. लेकरानं सुट्टीचा अख्खा दिवस घातला.

ती सांगते ते मला कळलं ते असं. कैलासचा प्रोग्राम विंडोजसाठी केलेला, अन् हिच्या लॅपटॉपमधी लिनक्स. दोघांची भाषा वेगळी. म्हणून मधी एक दुभाषा बसवायचा. प्रोग्राम बोलेल ते दुभाषा लॅपटॉपला सांगणार, शब्दाला शब्द. मी म्हणले, म्हंजे लग्नातला मध्यस्थ. तर म्हणाली, मध्यस्थाला मनातलं कळतं आजी, ह्याला डोकं न्हाई. ऐकेल ते जसंच्या तसं करतो.

पण मध्यस्थच रुसला! एक फाईल न्हाई म्हणून अडून बसला. ती आणून दिली तर दुसरी मागितली. मग म्हणे प्रोग्राम जुना बत्तीस बिटचा, लॅपटॉप चौसष्टचा, त्यांचं आपसात जमत न्हाई. शेवटी खिडकी उघडली तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ताटात खारी बिस्किटं मांडल्यागत. प्रेरणानं लॅपटॉपचं झाकण धाडकन आपटलं.

तेवढ्यात शेजारची चाँदबी पातेलं परत द्यायला आली. शिवणकाम करते, तोंडाची लय फटकळ. म्हणाली, एवढ्या वेळात नवरा शोधला असतास तर मिळाला असता गं पोरी. मला आवडली बाई.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अक्षरं आली, तर आवाज न्हाई. आवाज आला, तर विहिरीत बेडूक ओरडल्यासारखा. प्रेरणा इंटरनेटवर कुणाकुणाला विचारते. एक म्हणतो हे काढ, दुसरा म्हणतो काढलेलं परत घाल. पोरगी ऑफिसच्या साहेबाला सोडून सगळ्यांवर चिडली, माझ्यावरसुद्धा. मी शिरा केला.

शिऱ्याचा घास तोंडात होता, अन् लॅपटॉप म्हणाला, बोल आये.

माझा घास तसाच राहिला. प्रेरणा रडली, मी रडले. बोलायचं बटन दाबून मी काय बोलले असेन? तांदूळ वाढलं! हसावं का रडावं. पण डबा खरंच रिकामा होता. बंद करताना तो म्हणाला, येतो गं, आये.

८ ऑक्टोबर, बुधवार

डबा झाकणापर्यंत भरलेला. प्रेरणा म्हणते मी न्हाई आणला. तांदूळ आपल्या खाचरातला इंद्रायणी, वासावरनं कळला. मी म्हणले, ह्यांनी कुणाबरोबर तरी धाडला असेल. फोन लावला तर ते म्हणाले, अगं, अजून भात शेतात उभं आहे.

चाँदबी म्हणाली, मावशी, तुमच्याकडं उंदीर डबा भरून जातात का? आमच्याकडचे खाऊन जातात. लय हसलो. दोन वाट्या तिलाही दिला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आवाज परत अडकायला लागला. बोल बोल बोल आ आ. प्रेरणा काहीतरी बदलते, प्रोग्राम बंद करते, उघडते, पुन्हा बंद. प्रत्येक वेळी तो येतो म्हणतो. आज किती वेळा म्हणाला, मोजदाद न्हाई.

भांडी घासताना माझी बांगडी वाढली, तुकडे वेचून टाकले. प्रोग्राम उघडाच होता, पोराला सांगावं तसं त्याला सांगितलं, बाबा रे, बांगडी वाढली.

११ ऑक्टोबर, शनिवार

मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. हिरव्या, काचेच्या. झोपेत कुणी भरल्या ठाऊक न्हाई. हात काळानिळा पडला, बोटं वळेनात. चाँदबीनं टॉवेल गुंडाळून बत्त्यानं एकेक फोडली. ती फोडते फोडते म्हणत होती. मला त्या वेळीसुद्धा तो शब्द उच्चारवला न्हाई.

प्रेरणा काचा वेचत होती. मग म्हणाली, आजी, तू वाढली म्हणालीस. त्यानं वाढवली.

आमी दोघींनी एकमेकींकडं बघितलं. तांदळाचं दोघींना एकदमच आठवलं. अन् बंद करताना तो काय म्हणतो, ते पण.

१२ ऑक्टोबर, रविवार

मी सांगितलं, बंद कर हे खूळ. पण पोरीला आवाज हवाय. बाप गेला तवा शाळेत होती ती. म्हणते, एवढा एकच बिघाड आजी, आवाजामागं खरखर येते तेवढी काढते. दिवसभर उघड, बंद, उघड, बंद.

खरखर न्हाई ती. मी कान लावून ऐकलं. आधी ट्रकांचे हॉर्न होते. सोमाटण्याचा नाका असाच वाजतो. संध्याकाळी कामशेतचं रेल्वे फाटक वाजलं, म्हंजे लोणावळ्याच्या अर्ध्या वाटेवरचं. घंटा मला कळत न्हाई व्हय? जन्म गेला तितं थांबण्यात.

येतो म्हणजे निघतो. हे आपल्याला कळतं. दुभाषाला कोण सांगणार?

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज आवाजामागं चिक्कीवाल्यांची ओरड. घ्या मगनलाल घ्या, शेंगदाणा घ्या. लोणावळाच.

आता प्रेरणा पण घाबरली. प्रोग्राम काढून टाकला. दुभाषा काढला. डबीची वायर उपटली. लॅपटॉप बंद केल्यावर म्हणाला, येतो गं, आये.

बंद लॅपटॉप. बंद.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चाँदबी म्हणाली, खाली एक माणूस पार्किंगमधी उभा आहे. मावशी, तुमी कितव्या मजल्यावर, ते विचारत होता. डोक्यात हेल्मेट. ती म्हणाली, काढा की भाऊ, उकडतंय. तर म्हणाला, निघत न्हाई.

तिला वाटलं चेष्टा करतोय.

प्रेरणा म्हणते, उपाय एकच. तुझ्याशी बोलायला केलाय तो, तुझंच ऐकणार. सरळ शब्दात सांग. जा म्हण. आजी, नुसतं जा.

पोटच्या पोराला जा कुणी म्हणतं? शाळेत निघाला तरी ये म्हणले. तिरडी उचलली तरी ये बाबा म्हणले होते.

म्हणून बघते. ज

न्हाई म्हणवत.

१५ ऑक्टोबर, बुधवार, सकाळ

ठरलं. तो ऐकेल ते करतो, म्हणून जा सोडून तोंडातून एक शब्द काढायचा न्हाई. काय बोलायचं ते वहीत लिहायचं. प्रेरणा दुभाषा परत बसवतेय, बटन दाबून मला जा म्हणता यावं म्हणून. तर परत तीच रड. फाईल न्हाई. फाईल दिली — चौकोन. नुसते चौकोन. पोरगी परत पहिल्यापासनं —

दुपार

लिफ्ट वर आली. आमच्या मजल्यावर थांबली.

दाराशी ओलं हेल्मेट घासल्यासारखं —

प्रेरणानं लिहून दाखवलं, आजी आता म्हण. मी मान हलवली. म्हणते. म्हणतेच. जा. जा. जा. लिहिता तर येतंय —

तो बोलला. लॅपटॉपमधनं न्हाई. दाराबाहेरनं. येतो गं, आये.

मला वाटलं निघाला. देवा, निघाला माझा — आपल्यात तर तसंच — जीव भांड्यात पडला अन् सवयीनं तोंडातनं —

प्रेरणा माझ्याकडं बघतेय —

मी म्हणले, ये बाबा, सावकाश ये —

आतली कडी आपोआ