दोन्हीकडून आलेलं रक्त

पप्पा,

रागातच लिहायला बसलेय. आज लायडनच्या डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट सांगितला. रक्तात गुठळ्या करणारा जनुकाचा दोष माझ्यात दुहेरी आहे. मी म्हटलं, "ठाऊक आहे, आईकडून आला." त्या म्हणाल्या, "दुहेरी म्हणजे एक आईकडून आणि एक वडिलांकडून."

माझ्या जन्मानंतर आठवड्याभरात आई बाळंतिणीच्या खाटेवरच गेली, फुप्फुसात गुठळी अडकून. तेव्हापासून दर वाढदिवसाला, गोल मांडलेल्या खुर्च्यांत केक खाता खाता, तुम्ही तिच्या बहिणीला टोचत आलात. "टिनेके, तुमच्या घराण्याचं रक्त म्हणजे वाटाण्याचं घट्ट सूप! चमचा उभा राहतो त्यात." सगळे हसायचे. मावशी कप विसळायला उठायची.

तेच सूप तुमच्यातही आहे, पप्पा! आता सगळ्यांसमोर तिची माफी मागा, एवढंच लिहायचं होतं.

पण काल फोनवर तुम्ही केवढ्या ऐटीत सांगत होतात, "इटलीहून गाडीमागे जोडलेली कॅराव्हॅन एका दमात हाकत आणली. वाटेत मुक्कामाचं भाडं कोण भरणार?" आणि जाता जाता म्हणालात, "डावी पोटरी तेवढी सुजलीये. कोबीची पानं बांधलीत."

एकच पोटरी! इतके तास बसून पायात गुठळी झाली असणार, आणि ती आईसारखीच फुप्फुसात गेली तर? अरे देवा, मला कालच कसं कळलं नाही?

फोन उचला ना, पप्पा! पत्र गेलं चुलीत. रुग्णवाहिका निघालीये, पण तुमच्या गल्लीत मावशीच आहे. तिला कळवलं, तर हातातला कप तसाच टाकून ती तुमच्याकडे धावत सुटलीये.

दार उघडा.

मार्लूस