इंजिन चालू आहे का, बाबा

बाबा, गाडी घेतली. नवा रायपूरकडं तुम्ही जो प्लॉट घेऊन ठेवला होता, ज्याला सगळी कॉलनी 'ड्रायव्हरसाहेबांचं जंगल' म्हणून हसायची, तो विकला आणि त्यातून ही आली. स्पोर्ट्स कार. दोन माणसांची. तुम्ही असतात तर कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारली असती आणि म्हणाला असतात, "काहून घेतली बे? अन् तेही लाल? जलमभर लाल दिसलं की मी ब्रेक मारला, अन् तू तेच घरी आणून ठेवलं?" त्या 'काहून'चं उत्तर द्यायलाच हे लिहायला बसलो आहे. माझे कान जात आहेत, बाबा. तुमचे गेले तसेच. आणि परवा याच गाडीत शेजारी बसून माझी पोट्टी, तुमची नात, मला काहीतरी बोलली, बरंच बोलली, शेवटी काहीतरी विचारलं, आणि मी 'हव' म्हणून मोकळा झालो. कशाला हव म्हटलं, ते मला माहीत नाही. आज दुपारच्या विमानानं ती परत नोकरीवर जाणार आहे. मी खाली पार्किंगमध्ये तिची वाट बघत, स्टेअरिंगवर कागद ठेवून लिहितो आहे.

आधी गाडीचं सांगतो, कारण गाडीचं सांगणं सोपं आहे. ती इतकी बुटकी आहे की आत बसताना माणूस विहिरीत उतरल्यासारखा उतरतो आणि बाहेर येताना आधी हात, मग डोकं, मग इभ्रत अशा क्रमानं येतो. तेलीबांध्याचा प्रत्येक स्पीडब्रेकर तिच्या पोटाला खरवडतो. उरल्याच्या कारखान्यांकडून वारा आला की सकाळी बोनेटवर काळी साय धरलेली असते. पेट्रोलपंपावरचा माणूस म्हणाला, "भैया, ये तो करंट से चलती है ना? फिर हमारे पास काहे आए?" त्याचं बरोबर आहे आणि चूकही आहे. ही हायब्रिड आहे. गावात हळू चालवली तर विजेवर चालते, एकदम मुक्यानं; जोरात दाबली की पाठीमागचं इंजिन जागं होतं आणि सगळ्या मोहल्ल्याला जागं करतं. तुम्हाला यात नवल वाटणार नाही. तुमच्या रेल्वेच्या इंजिनातही डिझेल जळून वीज व्हायची आणि चाकं त्या विजेवरच फिरायची. म्हणजे आपल्या घराण्यात हायब्रिड तुम्हीच आधी चालवलंत, फक्त तेव्हा त्याबद्दल कोणी अभिनंदन केलं नाही.

गैरसोय एकच. बटण दाबलं की काहीच होत नाही. समोर हिरव्या अक्षरांत 'रेडी' उजळतं, बस. न थरथर, न खाकरणं. आणि मला तर खाकरणंच हवं होतं. कानाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, बारीक आवाज आधी जातात. बायकांचे, लहान मुलांचे, पाखरांचे. मी म्हटलं, डॉक्टर, या आजारासाठी कित्येक नवरे वाटेल ती फी देतील. तो हसला नाही. कानाला लावायचं यंत्र घ्या म्हणाला. मी घेतलं, पण चार चाकांचं. माझा हिशेब सरळ होता, बाबा. गरजणारी गाडी घ्यायची. तिच्यात बसलेल्या माणसाला समोरच्याचं ऐकू आलं नाही तर कोणी काही म्हणत नाही. इंजिनाचा आवाजच तेवढा आहे ना! हा हिशेब मी कुठं शिकलो, ते तुम्हाला सांगायला नको.

आपलं रेल्वेचं क्वार्टर आठवतं. आई स्वयंपाकघरात तव्यावर उलथणं आपटते आहे, कारण हाक मारून उपयोग नाही. तुम्ही पाटावर बसून आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघता आहात, कोण काय बोलतंय याचा अंदाज घेत, आणि अधूनमधून म्हणता, "हव." हा छत्तीसगढी होकार तुम्ही तुमच्या असिस्टंटकडून उचललात आणि त्याचं सोनं केलंत. प्रश्न असला तर होकार, बातमी असली तर 'असं का', आईची शिवी असली तर कबुली. एका शब्दात आख्खा संसार चालवलात. एकदा मी जेवताजेवता म्हटलं, "बाबा, तुम्हाले काहीच नाही आयकू आलं ना?" तुम्ही घास खाली ठेवलात. "अबे, जलमभर इंजिनाच्या पोटापाशी बसलो मी. तू एक दिवस बसून पाह्य, मंग बोल." त्यानंतर मी बोललो नाही. आई मात्र बोलायची, "त्या मुडद्या इंजिनानं खाल्ले यांचे कान," आणि दर दसऱ्याला तुमच्याच हातात त्याच इंजिनासाठी हार द्यायची.

पुढं तपासणीत कान नापास झाले. तुम्हाला गाडीवरून उतरवून टेबलावर बसवलं, दुसऱ्या ड्रायव्हरांच्या हजेऱ्या लिहायला. पण कॉलनीत मान होता. ड्यूटीत कान गेले म्हणून लोक तुमच्याशी वाकून, जवळ येऊन बोलायचे. त्याच सुमारास एका दुपारी तुम्ही मला शेडमध्ये नेलंत. माझा तळवा धरून इंजिनाच्या कोमट अंगावर दाबलात आणि म्हणालात, "आयकू नको. हात ठेव. चालू आहे का बंद, हाताले समजते." मला वाटलं, तुम्ही मला इंजिन दाखवून राहिले. तुम्ही मला पुढची सोय दाखवत होतात का?

आता डॉक्टरनं काय विचारलं ते ऐका. घरात आणखी कोणाला होतं? मी ऐटीत सांगितलं, वडिलांना, पण ते इंजिनामुळं. तो म्हणाला, "तुम्ही कधी इंजिनावर होता का?" मी आयुष्यभर पानठेल्यावर उभा राहून लोकांचं बोलणं ऐकलं आणि त्यांची टर उडवणारं सदर लिहिलं. त्यापेक्षा मोठा आवाज माझ्या कानांवर कधी पडला नाही. "मग हे रक्तातलं असणार. वडिलांचंही कदाचित तेच." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला मोठेबाबा आठवले. तुमचे थोरले भाऊ, वर्ध्याला कपडे शिवायचे. शिलाई मशीननं कोणाचे कान जात नाहीत, बाबा. आणि तुम्ही नोकरीला लागलात तेव्हाच ते ठार बहिरे होते, असं आईच सांगायची. त्यांना सगळं गाव 'बहिरा टेलर' म्हणायचं. तुम्हाला कोणी 'बहिरा ड्रायव्हर' म्हटलं नाही. तुम्हाला माहीत होतं का हो? इंजिनाचा यात काहीच दोष नव्हता, हे माहीत असून तुम्ही त्याला हार घालत होतात का?

माझं कोणाला सांगायचं म्हटलं तर आणखी पंचाईत. माझ्या तोंडून निघालेली प्रत्येक गोष्ट थट्टा असते असा घरादाराचा समज आहे, आणि तो मीच मेहनतीनं करून दिला आहे. गाडी आली त्या आठवड्यात बायकोला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "पाह्य, काही आवाज आहे? देवघरात बसल्यासारखं वाटते." ती माझ्याकडं बघत राहिली. "अहो, इंजिन चालू आहे ना! मागं बारीक घुर्रघुर्र करून राहिलं." बॅटरी उतरली की इंजिन आपसूक सुरू होतं, हे मला माहीत होतं. ते सुरू झालं होतं, हे माहीत नव्हतं. मग तिनं माझ्या खांद्यावर चापट मारली. "काय थट्टा लावली तुम्ही? मी खरंच घाबरली." मीही हसलो. गेलं वर्षभर सदरातही हेच चाललं आहे. लोक पानठेल्यावर काय बोलतात ते ऐकूच येत नाही, म्हणून मी मनानंच लिहितो. वाचक म्हणतात, आता कुठं रंग भरला.

आणि परवा पोट्टी म्हणाली, "पापा, गाड़ी में घुमाओ." तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं, ते तुमच्या वेळेपासूनच आहे. तळ्यापाशी सिग्नलला थांबलो होतो तेव्हा ती म्हणाली, "एक बात बोलूँ? मम्मी को अभी मत बताना." एवढं मला कळलं, कारण मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. मग सिग्नल सुटला. रस्त्याकडं बघणं भाग होतं, आणि तिचा आवाज तिच्या आजीसारखाच बारीक. ती बोलत राहिली आणि माझ्यापर्यंत नुसती हवा येत राहिली. मी घाबरून दाबली गाडी. इंजिन गरजलं तर निदान सबब मिळेल! गरजलं. ती थांबली नाही, आणखी जवळ सरकून बोलत राहिली. शेवटी तिचं तोंड माझ्याकडं वळून तसंच राहिलं, तेव्हा कळलं की प्रश्न होता. मी म्हटलं, "हव." तिनं मोठा श्वास सोडला, माझ्या हातावर हात ठेवला. डोळे भरले होते तिचे. तेव्हापासून मी तिच्याकडं चोरासारखा बघतो आहे. लग्न करते आहे का? नोकरी सोडते आहे? कोणी फसवलं आहे? ती खुशीत आहे, बाबा. जेवताना गुणगुणते आहे असं बायको सांगते. आणि मी प्रत्येक घासाला विचार करतो, मी या पोट्टीला कशात ढकललं.

लिफ्टचं दार उघडलं. ती बॅग ओढत येते आहे. उरलेलं मागाहून.

विमानतळाच्या पार्किंगमध्ये आहे. ती गेली. रस्त्यात मी काही विचारलं नाही. इथं गाडी उभी केली, तिच्याकडं पूर्ण वळलो, या गाडीत ते अर्धं योगासन आहे, आणि म्हटलं, "परवा तू जे बोलली ते मले आयकू नाही आलं. पुन्हा सांग." ती हसली. "पापा, मजाक मत करो." मी म्हटलं, थट्टा नाही. गाडीमुळं नाही, इंजिनामुळं नाही. मला ऐकूच येत नाही, डॉक्टरला दाखवलं आहे. ती हसत होती, आणि मग तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, आतलं सगळं निघून गेलं.

"मेरे भी जा रहे हैं, पापा," ती म्हणाली. एकेक शब्द मला ओठांवर दिसला. "यही बताया था. मीटिंग में पीछे वालों की बात छूट जाती है. टेस्ट करवाया. डॉक्टर ने पूछा, घर में किसी को है? मैंने कहा, आजोबा को था, पर वो तो इंजिन से. फिर आपसे पूछा, आपके कान तो ठीक हैं ना? आपने कहा, हव." तिनं सीटबेल्ट काढला. "और मैं खुश हो गई. मैंने डॉक्टर को लिख भी दिया कि घर में किसी को नहीं है. मुझे लगा, ठीक हो जाएगा."

मी हात पुढं केला, तिनं घेतला नाही. दार उघडून उतरली, बॅग काढली आणि चालू लागली. दहा-बारा पावलांवर पाठमोरीच काहीतरी बोलली. खांदे हलले म्हणून कळलं. बाबा, हव माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. सवयीनं, आपोआप, बॅटरी उतरल्यावर इंजिन यावं तसा. मी दार ढकलून अर्धा बाहेर आलो आणि सगळ्या टॅक्सीवाल्यांच्या देखत ओरडलो, "आयकू नाही आलं! इकडे तोंड करून सांग!"

ती परत आली. खाली वाकली, ही गाडी सगळ्यांना वाकायला लावते, आणि माझ्या डोळ्यांपाशी तोंड आणून म्हणाली, "बहरे हो, ठीक है. झूठे काहून हुए?" सगळं वाक्य हिंदीत आणि मधोमध तुमचा काहून. ती उत्तराची वाट बघत होती. मग तिनं विचारलं, "और आजोबा? उनका भी झूठ था?" त्यानंतर घड्याळ बघितलं, "मम्मी को आज ही बताना, दोनों का," म्हणाली आणि गेली. दारातून आत जाताना मागं वळली का, ते सांगता येत नाही. मध्ये एक बस आली.

समोर हिरवं 'रेडी' लागलं आहे. माझा हात लागला असेल बटणाला. इंजिन चालू आहे की बंद, मला सांगता येत नाही. मी चपला काढून तळवे गाडीच्या तळाला लावले आहेत, एक हात दारावर दाबून धरला आहे. काहीतरी थरथरतं आहे. गाडी की मी, ते हाताले समजून नाही राहिलं. घरी जायचं आहे, बायकोला समोर बसवून सांगायचं आहे आणि ती हसली तर पुन्हा सांगायचं आहे. हा कागद गाडीच्या कप्प्यात राहील, पत्ता टाकायचा तरी कुठला.

एक राहिलं. तिनं तुमचं विचारलं तेव्हा मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही. आजोबांचं इंजिनच होतं."