अर्बाबचं सहाबारी

सोम. ६ जाने. सीब
आज मुलाशी, मिलिंदशी खोटं बोललो. म्हणालो, जुन्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या गॅरेजवर पाण्याचा पंप उघडलाय, दोन दिवस जाईन. पंप नाही, पिस्तूल आहे. मुलाच्या व्हिसावर मी इथं आखातात राहतो. परक्याने हत्याराला हात लावायचा नाही, एवढं सातवी शिकलेल्यालाही कळतं. पण त्या गॅरेजात एकतीस वर्षं लेथ चालवली. अर्बाबने स्वतः फोन केला. नाही कसं म्हणणार.

सहाबारी आहे, सहा गोळ्यांचं. अर्बाबच्या आजोबांनी झांजिबारहून आणलेलं. चौकटीवर यू.एस. एवढीच अक्षरं शिल्लक. गंजून चक्र जाम. अर्बाब म्हणतो, "उस्ताद, नातवाच्या लग्नात याचा आवाज झाला पाहिजे." लग्न शुक्र. १७. हत्यारं घेऊन नाचायची रीत आहे त्यांची. परवान्याचे कागद आहेत म्हणतो. मी बघितले नाहीत.

बुध. ८
डिझेलमध्ये ठेवलं होतं, चक्र सुटलं. गोळ्यांची सहाही घरं आतून खड्ड्याखड्ड्यांची. मला गंज बघवत नाही. आतून खरवडायला रीमर फिरवला, मग एमरी पेपर. आरसा झाला. अर्बाबचा मुलगा खालिद म्हणाला, "माशाल्ला उस्ताद, हात अजून तोच!" बरं वाटलं. देऊन आलो. खलास.

शुक्र. १०
तन्वीला सुट्टी. नातीला सहज विचारलं, अमेरिकेच्या जुन्या शिपायांचं पिस्तूल कसं असायचं गं? मोबाइलवर वाचून सांगत होती, मराठी अडखळत.

"आजोबा, कार्ट्रिज नव्हती. पावडर टाकायची, मग बॉल प्रेस करायचा, मागे छोटी टोपी. असं सिक्स टाइम्स. म्हणून घोडेवाले सोल्जर दोन-दोन, चार-चार ठेवायचे. मग सेव्हन शॉट्सची रायफल आली, रिपीटर. पण ती सगळ्यांना नाही मिळाली."

मी म्हटलं, बरं.

"आणि एक डेंजर गोष्ट. बॉल लूज असला ना, तर एका होलची फायर बाजूच्या होलमध्ये जाते. सगळे एकदम फुटतात."

लूज म्हणजे किती?

"ते नाही लिहिलं."

जेवलो नाही. सून म्हणाली, पोट बिघडलं का. हो म्हणालो.

शनि. ११
घरं मी मोठी केली. गोळी सैल बसणार, आणि दोन घरांमधली भिंत पातळ झाली. किती, माहीत नाही. मोजलीच नाही. एकतीस वर्षांत न मोजता काप घेतला नव्हता. चकाकी बघत बसलो आणि

नवरदेव चोवीस वर्षांचा आहे. त्याच्याच हातात असणार ते.

रवि. १२
खालिदला फोन केला. म्हटलं, वो मत चलाओ, पुराना लोहा है. हसला. "उस्ताद, तुमने बनाया है. इन्शाल्ला कुछ नहीं होगा." मी बिघडवलं, हे तोंडातून निघालं नाही. दोनदा ओठावर आलं. मग तब्येत विचारली आणि फोन ठेवला. लाज वाटते.

बुध. १५
मिलिंदला सगळं सांगितलं. ऑफिसातून आला होता, बूटही काढले नव्हते.

"पंप म्हणालात ना बाबा? पंप!"

सून वैशाली दार लावून आली. मिलिंदचं चालूच.

"उद्या पोलीस दारात आले तर काय सांगू? बापाला हौस होती?"

म्हटलं, हवं तेवढं ओरड, पण शुक्रवारी गाडी काढ. फोनवर मला जमत नाही. तोंडावर सांगेन.

गाडी काढणार की नाही, बोलला नाही. झोप नाही.

शुक्र. १७
मिलिंदने काढली गाडी.

मांडवाबाहेर ढोल सुरू झालेले. पुरुष दोन रांगांत. नवरदेवाच्या कमरेला खंजर, हातात ते. मिलिंदने दंड धरून पुढे नेलं. सगळ्यांसमोर अर्बाबला म्हणालो, "मैंने बिगाड़ा. मेरी गलती है. लड़के का हाथ उड़ जाएगा."

नवरदेव हसला. "उस्ताद बुड्ढा हो गया!" चारजण हसले. अर्बाब हसला नाही. नातवाच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं. म्हणाला, "एकतीस वर्षं हा माणूस मशीनची चूक सांगायचा, मालाची चूक सांगायचा. स्वतःची पहिल्यांदा सांगतोय. म्हणजे खरी असणार."

सुटलो वाटलं. तेवढ्यात खालिद मागून हळूच अर्बाबला म्हणाला, "बाबा, सहाही भरलेत."

आता रिकामं कसं करायचं, कोणालाच माहीत नाही. गोळ्या ठोकून बसवलेल्या. तन्वीला फोन लावला. शिपाई काय करायचे गं? ती म्हणाली, नुसते उडवून टाकायचे, आजोबा.

बादलीभर पाणी मागितलं.

मंगळ. २१
पिस्तूल गॅरेजच्या मागे बादलीतच आहे, वर पत्रा झाकलेला. दारू भिजली असेल. नसेलही. पाणी आत गेलं की नाही, हे बाहेरून कळत नाही. मागच्या सहा टोप्या तशाच. त्या चिमट्याने एकेक काढाव्या लागतील. माझ्या हातात बशी वाजते हल्ली.

मिलिंद म्हणतो पोलिसांना कळवू, त्यांची माणसं येऊन नेतील. अर्बाब म्हणतो, आजोबांची वस्तू, गेली की परत मिळणार नाही. मिलिंद मला म्हणाला, "तुम्ही हात लावलात तर बघा."

अर्बाबचा फोन रोज येतो. मी रोज सांगतो, अजून एक दिवस. आज विचारलं नाही त्याने. म्हणाला, खालिद स्वतःच काढतो म्हणतोय, त्याने नेटवर बघितलंय.

त्याला थांबायला सांगितलंय. सकाळी खालिद मला घ्यायला येईल. मिलिंद आठला ऑफिसला निघतो. खालिदला साडेआठ सांगितलंय.