कोरड्या दिवसांची शून्यं

पुणे

आबा, सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे. हे पाचवं काम, पण टिकलोय. इथली मिसळ मात्र लई गोड, असो.

इथं हवामानाच्या ऑफिसात कॉम्प्युटर पुढच्या पन्नास वर्षांचा पाऊस सांगतात. आमच्या मॅडम आधी त्यांना मागचाच पाऊस विचारतात. त्यातल्या काहींनी आपल्या फुलंब्रीवर रोज भुरभुर दाखवली! मग मॅडमनी तहसीलमधून आलेली तुमची पाऊस मोजायची वही उघडली. वीस वर्षं, कोरड्या दिवशीसुद्धा तुम्ही शून्य लिहिलंय. "जो इथं चुकला, त्याच्या पुढच्या सांगण्यावर भरवसा कमी," मॅडम म्हणाल्या. मी थक्कच झालो. त्या शून्यांना मीच हसायचो.

गुडघा कसाय? मोजणं सोडतो म्हणालात. आपल्या करुणाला शिकवा, पण एकही दिवस कोरा ठेवू नका. पाऊस नव्हता की मोजणारा नव्हता, ते इथं कुणालाच कळत नाय.

तुमचा,
सुगत