नळे परतायला हवेत

देवबाग,
मार्च १९६२

प्रिय लवू,

तुझं पत्र पोचलं. घरावरचे मातीचे नळे उतरवून सिमेंटची कौलं घालूया, म्हणतोस. मुंबईत बसून माझ्या डोक्यावरचं छप्पर बदलायला निघालास, मोठा शहाणा! तरी उगाच नाही म्हणणारी मी नव्हे. मालवणात वखारीत जाऊन कौल बघून आले, बोटांनी वाजवूनसुद्धा पाहिलं. आपल्या शेजारच्या काशीबाईंनी गेल्या वर्षी तीच घातलीत, तर भर दुपारी त्यांच्या माजघरात मुद्दाम जाऊन बसले. काय उकडतं रे! आपल्या नळ्यांखाली दुपारचा डोळा कसा गार लागतो. शिवाय ती कौलं जड. वासे बदलावे लागतील, आणि बाबांनी घातलेल्या वाशांना अजून कीड म्हणून नाही.

पण खोटं कशाला बोलू? काशीबाईंकडे अख्ख्या पावसात थेंब गळला नाही. माडावरून नारळ पडला तरी कौल शाबूत. आपल्याकडे नारळ पडला की नळ्यांचा चुरा, आणि मी टोप घेऊन घरभर नाचते.

त्यात गेल्या वैशाखात पावसाआधी नळे परतताना, फुटके काढून नवे बसवताना, तू छपरावरून घसरून पडलास. सुशीलेचा जीव अजून थाऱ्यावर नाही, तसं तिनं कळवलंय मला. नवऱ्याची काळजी करते, त्यात तिचं काय चुकलं? भोळी आहे पोर. तुमच्या लग्नानंतर मी कार्डावर लिहिलं होतं, 'वैशाख आला, आता परतायला हवं.' तर तिला वाटलं, अक्का रुसून सासरी परत चालली! नवरा गेल्यावर मला सासर उरलंय कुठं? पण हसून हसून पुरेवाट झाली होती आपली.

तू वर चढून नळे उलटेपालटे करतोस, केसांत कोळिष्टकं, आणि वरूनच ओरडतोस, 'अक्का, च्या खंय आसा गो?' मी खालून शिव्या घालते आणि दुसऱ्यांदा आधण ठेवते.

तू लिहिलंस, सिमेंट घातलं की दरवर्षी रजा काढून धावत यायला नको. तुला सोयीचं वाटलं असेल, पण ते वाचून मला जेवण गेलं नाही. गणपतीत पावसाच्या बोटी बंद म्हणून तू येत नाहीस, शिमग्याला रजा नाही म्हणून येत नाहीस. घर गळेल म्हणून तेवढा येतोस. गळायचंच थांबलं तर कशाला येशील? मला भीती वाटते रे. तर असं कर, पुढच्या घरावर खुशाल सिमेंट घाल, सुशीलेचा जीव निवांत होऊ दे. मागच्या रांधपाच्या खोलीवर मात्र नळेच राहू देत. ते छप्पर बुटकं आहे, पडलास तरी लागायचं नाही. बोटी बंद व्हायच्या आत परतायला ये.

तुझीच,
आधण ठेवून बसलेली
अक्का