बारवेचं पाणी

येलदरी कॅम्प, सोम. २ फेब्रु. १९५९
आजही डाळ कच्ची. कॅम्पातल्या नव्या विहिरीचं पाणी जड, तीन तास जाळ घालून दाणा जसाच्या तसा. धरणावरच्या मजुरांनी ताटं पुढे सरकवली. शेठनी परभणीहून पाठवताना बजावलंय, ही खानावळ महिनाभर नीट चालवा, मग माझ्या तिन्ही हॉटेलांच्या मॅनेजर तुम्ही. नाहीतर त्यांचा पुतण्या टपलेलाच आहे. बाईमाणूस मॅनेजर म्हणून लोक आधीच हसतात. हसोत मेले.

गुरु. ५
जमलं! शेजारचं गाव धरणासाठी उठवलंय, तिथे जुनी पायऱ्यांची बारव आहे. आमची स्वयंपाकीण सोनाबाई तिथून पाणी घेऊन आली. डाळ लोण्यासारखी. मजुरांनी दोनदा मागून घेतली. मीसुद्धा.

सोम. ९
काल सोनाबाई दोन रिकाम्या घागरी खालच्या पायरीवर विसरली. सकाळी भरलेल्या. तोंडाला फडकं बांधलेलं.
"समद्या गावात चिटपाखरू न्हाई बाई. मंग कोन भरलं?"
ती आता जायला तयार नाही. कुणाला सांगू नकोस म्हटलं. उद्यापासून मीच जाणार, बैलगाडी घेऊन.

शुक्र. १३
संध्याकाळी बारा घागरी खाली ठेवून येते, सकाळी बाराही भरलेल्या. आज पहाटे घागरी रिकाम्याच पाहिल्या, मग उजाडेपर्यंत बारवेकाठच्या चिंचेआड बसून राहिले. कुणी आलं नाही. खाली गेले तर घागरी काठोकाठ. पायऱ्यांवर ओली पावलं, सगळी खाली उतरणारी.
डाळ मात्र उत्तम.

बुध. १८
मजुरांच्या मुकादमाला सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या गावात कुणी मागे राहिलंय का.
"एक धनगराची म्हातारी गावातनं उठंना झाली होती. लेकीकडं गेली म्हन्तेत. जाताना कुनी पाह्यलं न्हाई."
हे पाणी कोण भरतं ते कळलं तर मजूर घास घेणार नाहीत. मग मॅनेजरकी संपलीच. संध्याकाळी पुन्हा बारा घागरी ठेवून आले.

रवि. २२
नदीवरून नळ आला. आता बारवेची गरज नाही. ती बुजवून वरून ट्रकचा रस्ता काढणार, मंगळवारी. शेठही त्याच दिवशी येणार.
सुटले असं वाटायला हवं होतं. खाली उतरून मोठ्यांदा म्हणाले, "मावशी, मंगळवारी इथं येऊ नका." भीती वाटली, त्याहून जास्त लाज. इतके दिवस पाणी घेतलं, एक भाकरी ठेवली नाही.

मंगळ. २४
शेठ मजुरांच्या पंगतीत जेवले. खूश. तेवढ्यात मुकादम दारात.
"मॅनेजरबाई, तुमची पानी भरनारी म्हातारी सकाळी घागर घेऊन बारवत उतरायली होती. वर आलेली काई दिसली न्हाई. मुरूम ओतू का?"
सगळ्यांचे हात ताटावर थांबले. शेठ माझ्याकडे बघायला लागले.
"आमची कुणी नाही तिथं," मी म्हणाले.
शेठनी नेमणुकीचा कागद दिला. दुरून मुरूम ओतल्याचा आवाज. कागद न वाचताच कमरेला खोचला, शेठना वाटलं आनंदानं.
आज दोनच ट्रक ओतले. अर्धीसुद्धा भरली नाही म्हणे. बाकीचे उद्या आठला.
मुकादमाला खरं सांगायचं तर त्याची झोपडी इथून दिसते. अजून उजेड आहे. तो बाहेर बाजेवर बसलाय, एकटाच.